मागे राहिलेली पोट्टी

१

गोपिकाचं पोट नवऱ्याच्या पगारावर भरायचं, पण ऐट चालायची ती गोष्टींवर. नवरा ऋषिकेश कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनीयर, शिफ्टची ड्यूटी, कॉलनीत दुसऱ्या मजल्यावरचं क्वार्टर. सकाळी खिडकीची पट्टी पुसावी तर दुपारपर्यंत तिच्यावर पुन्हा राखेचा थर. ती राख पुसता पुसता गोपिका म्हातारीचा आवाज काढून बघायची, लांडग्याचा काढायची, करकरणाऱ्या दाराचाही काढायची. गोष्टीचं रेकॉर्डिंग असलं की बेडरूममध्ये गाद्या भिंतीला उभ्या करायच्या आणि कूलर बंद. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे भट्टीत जाऊन बसणं, पण आवाजाच्या बाबतीत बाई कुणाचं ऐकायची नाही. आणि कान तर असे तिखट की कुकरची शिट्टी झाली तर कुणाच्या घरची, ते ती बसल्या जागी सांगायची.

तिच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे गोष्टीत समोर बसलेल्या पोट्ट्यांची नावं घालायची. राजपुत्र म्हटलं की पोरं जांभया देतात. साहिल घोड्यावर बसला म्हटलं की साहिल ताठ होतो आणि बाकीचे आपला नंबर कधी येतो म्हणून कान टवकारतात. दुसरी खोड अशी की गोष्ट एका बैठकीत म्हणून संपवायची नाही. ऐन विहिरीच्या काठाला कुणाला तरी लोंबकळत ठेवायचं आणि म्हणायचं, पुढचं उद्या. दुसऱ्या दिवशी हॉल गच्च. हा धंदाच तसा आहे, त्यात पाप ते काय?

तिची पोरगी रितिका, आठ वर्षांची. तिचं तोंड झोपेतच काय ते मिटायचं. जिन्यावरून उतरताना चपला आपटणं, ताटात चमचा वाजवणं, आणि आई गोष्ट सांगत असली की दर वाक्याला "मग?" विचारणं. त्या "मग?"ला गोपिका वैतागायची, पण खरं सांगायचं तर तिच्या सगळ्या गोष्टी त्या एका "मग?"वरच चालत होत्या.

त्या उन्हाळ्यात कॉलनीच्या क्लबात पोरांचं शिबिर लागलं. क्लबात रोज पत्ते कुटायला येणारे शालिकराम म्हणून एक रिटायर्ड गृहस्थ होते, बोलघेवडे आणि हौशी. त्यांनी गोपिकाच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. त्यांचे वडील धोंडबा जुन्या काळी तंबूतल्या सिनेमात पडद्याशेजारी उभे राहून मूकपट सांगायचे. मुक्या सिनेमात मधेमधे लिहिलेल्या पाट्या यायच्या, आणि वाचता कुणाला येत होतं? म्हणून सांगणारा लागायचा. त्यांच्या पेटीतलं एक रीळ पुतण्यानं कुठून तरी कॉम्प्युटरवर चढवून आणलं होतं. पोरांचा सिनेमा आहे, पाट्या सगळ्या गेल्यात, शेवटही गेलाय, तूच सांग आता, असं म्हणून शालिकराम पुन्हा पत्त्यांकडे वळले. गोपिकाला तर घबाडच मिळालं.

२

दुपारी ऋषिकेश ड्यूटीवर आणि रितिका खाली खेळायला गेली की तालीम करायची, असं तिनं ठरवलं.

सिनेमा साधाच होता. गावातली चार पोरं हरवलेल्या बकरीच्या शोधात निघतात. पुढे टोपीवाला थोरला, मग त्याचा भाऊ, मग पाण्याचा लोटा घेतलेली एक मुलगी, आणि सगळ्यांत मागे एक लहान पोरगी, परकर वर खोचून. नदी ओलांडतात, पडक्या किल्ल्यात शिरतात, तिथं चोर बकरी बांधून बसलेला. चोर मागे लागतो आणि पोरं एका बोगद्यात पळतात. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून थोरला निघतो, भाऊ निघतो, लोटावाली निघते. मग काळोखातून मागच्या पोरीचा चेहरा जेमतेम दिसतो न दिसतो, तिथंच रीळ तुटलेलं. चित्रावर ओरखडे, पण पोरं मोठी गोड होती. नट वाटतच नव्हती.

दुसऱ्या तालमीला पोरं नदीकाठी आली, आणि घराची बेल वाजली. सिलिंडरवाला होता. सिनेमा सुरूच ठेवून गोपिका उठली. जुनं सिलिंडर ओढून दाराशी आणलं, नवं आत घेतलं, त्याच्या पावतीवर सही केली, पाणी प्यायली. एवढ्यात पोरं किल्ल्यात पोचली असतील या हिशेबानं ती परत आली.

पोरं नदीकाठीच उभी होती.

लॅपटॉप अडकला असेल म्हणावं, तर नदी वाहत होती. काठचं गवत हलत होतं. टोपीवाल्यानं एक पाय बदलला. तिघं नदीकडे बघत होती आणि मागची पोरगी मान वळवून इकडे, खोलीकडे बघत होती. गोपिका खुर्चीवर बसली आणि सवयीनं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, की थोरल्यानं आधी पाय घातला. थोरल्यानं पाय घातला.

जुना सिनेमा, तो काय आजच्यासारखा भराभर चालणार, तिनं स्वतःला समजावलं. दृश्यच लांबलचक ठेवलं असेल. मग मुद्दाम तोंड मिटून बसून पाहिलं. पोरं पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली ती राहिलीच. पाणी त्यांच्या पायाला वळसा घालून जात होतं. बाहेर रस्त्यावरून कोळशाचे ट्रक गेले, कूलरमधलं पाणी टपटपत राहिलं, आणि पोरं उभी. शेवटी गोपिकानंच हार मानली. तिनं लॅपटॉप मिटला आणि रितिकाला वर बोलावण्यासाठी गॅलरीत गेली. ऊन फार होतं, असं कारण तिनं स्वतःलाच दिलं.

३

संध्याकाळी तिनं शालिकरामांना फोन लावला. विचारायचं होतं एक, विचारलं भलतंच, की धोंडबा हा सिनेमा सांगायचे कसे.

शालिकराम खुलले. बाबांचा आवाज कसा खणखणीत, बाबांना फेटा कसा शोभायचा, मौद्याच्या बाजारात कशी गर्दी व्हायची, सगळं सांगून झालं. शेवट नसल्याचं बाबांचं काही अडायचं नाही म्हणे. रीळ संपलं की पांढऱ्या कोऱ्या पडद्यासमोर ते नुसत्या तोंडानं पोरांना घरी आणायचे. आता नदी, आता शेताच्या बांधाचा धुरा, आता गावाबाहेरची गुरांची आखर, आता ज्याचं त्याचं दार. मागच्या पोरीला शेवटी घरात घ्यायचे, दार लावायचे, मग तंबूतला कंदील मोठा करायचे. तोवर तंबूतून कुणी उठायचं नाही, आणि कुणी उठलंच तर बाबा भर खेळात शिवी घालायचे.

पोरांना नावं काय दिली होती, गोपिकानं विचारलं.

"नावं नव्हता देत बाबा. मोठा, लहाना, लोटेवाली, मागची. बस."

"काहून?"

"आता ते मले का मालूम? मी एकदा म्हटलं, मागचीले आपल्या ताराचं नाव दे. तारा म्हणजे माही बहीण. तर थोबाडीत देल्ली मले."

शालिकराम हसले. गोपिकाही हसली. जुनी माणसं तऱ्हेवाईक असायचीच. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, तालमीतली ती गोष्ट विचारायला हवी होती. पण विचारणार काय? सिनेमातली पोरं माझ्यासाठी थांबतात म्हणून? अख्ख्या क्लबात हसं झालं असतं.

४

क्लबच्या हॉलमध्ये पडदे ओढून अंधार केला होता, तरी पडद्यांच्या फटीतून दुपार आत येतच होती. पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. रितिका पहिल्या रांगेत, पिवळा फ्रॉक, त्याला गोपिकानं स्वतः शिवलेला मोठा खिसा.

हे मात्र मान्य करायला हवं की गोपिकानं त्या दिवशी हॉल जिंकला. टोपीवाला झाला साहिल, त्याचा भाऊ झाला रजत, लोटावाली झाली शेजारची पिंकी. मागची कोण, असा गलका झाला. रितिका उठून उभी राहिली, मी, मी, मागची मी. गोपिकाच्या मनात क्षणभर ती थोबाडीत येऊन गेली. पण पोटच्या पोरीला सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं? ती म्हणाली, ही मागची, ही आमची रितिका.

पडद्यावरच्या मागच्या पोरीनं मान वर केली. आधीच्या तालमीत ती तशी करत होती की नाही, ते गोपिकाला आठवेना.

नदी झाली, किल्ला झाला, चोर आला तेव्हा पोरं किंचाळली. बोगद्यातून साहिल निघाला, रजत निघाला, पिंकी निघाली. रीळ तुटलं आणि पडदा पांढरा झाला. आता धोंडबासारखं पोरांना घरी आणायचं, हे तिनं ठरवून ठेवलं होतं. पण समोर सगळी तोंडं उघडी, श्वास रोखलेले. असा मोका हातचा सोडणारी ती नव्हती. तिनं आवाज खाली नेला.

"सगळे निघाले. रितिका एकटी बोगद्यात राहिली. आणि पुढचं उद्या."

पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. शालिकरामांनी उठून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतून मात्र "मग?" आलं नाही. रितिका सतरंजीवर हात टेकून बसली होती आणि छताच्या पंख्याकडे एकटक बघत होती.

५

घरी येताना जिन्यावर गोपिकाला एकाचीच पावलं ऐकू आली, तिची स्वतःची. मागे वळून पाहिलं तर रितिका येत होती, चपला घालून, एकेक पायरी चढत.

दमली असेल. उन्हानं डोकं धरलं असेल. गोपिकानं पन्हं करून दिलं. रितिका ते प्यायली, पेला ओट्यावर ठेवला. स्टीलचा पेला, कडप्प्याचा ओटा. आवाज झाला नाही. गोपिकानं तोच पेला उचलून पुन्हा ठेवला. टण्ण वाजला.

बोलणं तर बंदच. हाक मारली की बघायची, जेव म्हटलं की जेवायची. ऋषिकेश रात्री म्हणाला, बरं आहे ना, कानाला आराम. दुसऱ्या दिवशी उन्हाचा पारा फारच चढला, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस लागले, आणि शिबिर बंद केल्याचा निरोप आला. गोष्टीचं पुढचं राहिलं ते राहिलंच. खरं म्हणजे गोपिकाला त्याची आठवण नको होती. लॅपटॉप तिनं कपाटात रजयांखाली ठेवून दिला.

पोरगी बोलेना तेव्हा धंतोलीतल्या डॉक्टरकडे नेलं. घसा साफ, कान साफ. कशाचा तरी धसका घेतला असेल, वेळ द्या, डॉक्टर म्हणाले. ऋषिकेशला ते पटलं. भांड्यांचं काय, असं गोपिकानं गाडीत विचारलं. ती पेला ठेवते त्याचा आवाज होत नाही, तुले जाणवून नाही राहिलं का? ऋषिकेशनं तिच्याकडे पाहिलं आणि तूच थोडी झोप घे, म्हणाला. दिवसभर कूलर घोंघावतो, त्यात पेल्याचं काय घेऊन बसली.

मग तिला स्वतःच्या कानांची शंका आली. कानच गेले असतील तर? पण कोकिळा ऐकू यायची, ट्रकचा ब्रेक ऐकू यायचा, खालच्या मजल्यावरची शिट्टीसुद्धा. फक्त घरातल्या घरात एक पोरगी चालायची, बसायची, दार ओढायची, आणि तेवढी जागा मुकी असायची.

पोरगी गुणाची होती, उगाच कशाला खोटं बोला. गोपिका केस विंचरायची तेव्हा मान हलवायची नाही. नळ उघडून पडणारं पाणी बघत उभी राहायची. घरातली तिघं कुठं निघाली की आपण होऊन मागे व्हायची. आणि फरशी ओली असली की फ्रॉकची किनार दोन्ही हातांनी उचलून कमरेत खोचायला बघायची. फ्रॉक तेवढा लांब नसायचा, मग हात तसेच खाली यायचे. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गोपिकाच्या हातातलं फडकं गळून पडलं.

६

एके दुपारी पिंकी बर्फ मागायला आली. दारातच उभी राहून तिनं विचारलं,

"काकू, रितिका निघाली का बोगद्यातून?"

गोपिकानं हसून पाठीमागे बोट दाखवलं. ही काय इथंच आहे.

पिंकीनं वाकून आत पाहिलं. "ही नाही," ती म्हणाली, आणि बर्फ घेऊन निघून गेली.

पोरीला गोष्टीतली रितिका म्हणायचं असेल, दुसरं काय. गोपिकानं हे मनाशी बोलून पाहिलं. मग तिचं तिलाच ऐकवेना. तिनं कपाट उघडलं, रजया ओढून खाली टाकल्या आणि लॅपटॉप बेडवर ठेवला. बेडरूमचं दार लोटून घेतलं आणि कूलर बंद केला.

शेवटचं दृश्य लावलं. थोरला, लहाना, लोटावाली निघाली. मग काळोख. रीळ इथं तुटायला हवं होतं, पडदा पांढरा व्हायला हवा होता. तो झाला नाही. काळोखच राहिला, त्यात बारीक ओरखडे सरकत होते. गोपिकानं कान लावला. मुका सिनेमा तो, फाइलला आवाजच नव्हता. वर लॅपटॉपचा आवाजही तिनं बंद करून ठेवलेला.

फार आतून, खूप दिवस विचारून विचारून थकलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "मग?"

गोपिका स्क्रीनवर वाकली. तो आवाज तिनं हजारांत ओळखला असता. आपणच तिला तिथं ठेवलं, हे तिला त्या क्षणी समजलं आणि कसं, काहून, हे विचारायचं भानही उरलं नाही. हॉलमध्ये आपल्याला टाळ्या पडाव्यात म्हणून पोटची पोरगी काळोखात ठेवून आपण घरी येऊन पन्हं केलं. आता तिला आणायचं, एवढंच.

"मग रितिका उठली," गोपिका म्हणाली.

७

काळोख हलला. उजेडात आधी हात आला, मग फ्रॉकचा खिसा. पोरगी बोगद्याच्या तोंडाशी आली आणि डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. चित्र काळं-पांढरं, फ्रॉकचा पिवळा रंग त्यात राखाडी झालेला, पण चेहऱ्याबद्दल संशय नको होता. ती वाळली होती.

गोपिका सांगत गेली. किल्ल्याचा उतार उतरली, चोर झोपलाय, घाबरू नको. नदीत पाय जपून टाक. नदीपुढचं गाव तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं ठाऊक असलेलं सांगितलं. नदी ओलांडली की राखेचा बांध लागतो, बांधावरून डाव्या हाताला चिमण्या दिसतात, चिमण्यांकडे तोंड करून चाल. आणि त्या जुन्या, ओरखड्यांच्या चित्रात बांध आला, बांधाच्या टोकाला वीज केंद्राच्या चिमण्या आल्या, त्यांचा धूर आला. पोरगी चालत होती. गोपिका थांबली की पोरगी थांबायची, म्हणून ती थांबायची नाही. पाण्याचा घोट घ्यायचा तरी पुढचा शब्द ओठांवर धरून.

लोटलेलं दार कधी उघडलं ते तिला कळलं नाही. घरातली पोरगी बेडच्या कडेला येऊन बसली होती आणि पडद्याकडे बघत होती.

कोराडीच्या देवीच्या कमानीपाशी रस्ता ओलांडायचा होता. पोरगी रस्त्याच्या मधोमध आली, आणि गोपिकाला खोकल्याची उबळ आली. घसा सोलून निघाला होता. खोकला थांबेना. पोरगी भर रस्त्यात उभी. मागून कोळशाचा ट्रक वाढत येत होता, अजिबात आवाज न करता, त्याचे दिवे तिच्या पाठीवर पडले. गोपिकानं स्वतःच्या गळ्यावर मूठ मारली.

"बाजूला हो गं," ती घोगरली. "बाजूला हो, ये, ये माझी माय."

ट्रक गेला. धूळ बसली. पोरगी कडेच्या दगडावर हात टेकून उभी होती. गोपिका रडत होती आणि सांगत होती. बस स्टॉप आला. कॉलनीचं फाटक आलं, वॉचमन झोपलाय, बाजूच्या दिंडी-दारातून ये. आपली बिल्डिंग. आपला जिना. चढ, बाळा.

आणि जिना वाजला. पडद्यावर नाही, बाहेर. चपला आपटत कुणीतरी चढत होतं, प्रत्येक पायरीला फटाक फटाक, सगळ्या बिल्डिंगला त्रास होईल असं. इतके दिवस गोपिकाचे कान ज्याच्यासाठी तरसले होते, तोच आवाज. तिच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच निघालं.

८

बेडच्या कडेची पोरगी उठली. धावत बाहेरच्या खोलीत गेली, मुख्य दाराची कडी लावली, टाचा उंचावून वरची पण लावली. कशाचाच आवाज झाला नाही. मग ती धावत परत आली, गोपिकाच्या मांडीवर चढली आणि तिनं दोन्ही तळहात गोपिकाच्या तोंडावर दाबले.

आठ वर्षांच्या पोरीचे हात ते, एका हिसक्यात दूर झाले असते. पण चेहरा रितिकाचाच होता. त्यावरून पाणी वाहत होतं आणि ओठ नको नको म्हणत होते, मुक्यानं. इतके दिवस गोपिकानं तिला भरवलं होतं. तिची वेणी आज सकाळीच घातली होती. हिलाही कुणीतरी कुठंतरी अर्धवट सोडून दिलं असेल, हा विचार तिच्या मनात आला. तो यायला नको होता, पण आई होती ती, आला. एका श्वासापुरती ती थांबली.

जिन्यावरच्या चपला थांबल्या.

गोपिकानं ते हात झिडकारले, पोरीला बेडवर टाकलं आणि दाराकडे पळाली. वरची कडी काढली, खालची काढली. जिन्यात ऊन आणि राख, दुसरं काहीच नाही. तिनं नाव घेऊन हाका मारल्या, वरच्या मजल्यापर्यंत गेली, खाली फाटकापर्यंत धावली. वॉचमन जागा होता आणि त्यानं कुणालाच पाहिलं नव्हतं.

ती धापा टाकत परत खोलीत आली. लॅपटॉप तसाच सुरू होता. पडद्यावर त्यांचंच दार होतं, बाहेरच्या बाजूनं, ऋषिकेशच्या नावाच्या पाटीसकट. दारासमोर फ्रॉकमधली पाठ. दार बंद होतं, धोंडबा मागचीला घरात घेऊन लावायचे तसं.

"दार उघडलं," गोपिका म्हणाली. "आईनं दार उघडलं. ये आत. उघडंच आहे, ढकल. रितिका, आई इथंच आहे."

दार बंदच राहिलं. पोरीनं हात वर केला आणि दार ठोठावलं. थांबली, मग पुन्हा ठोठावलं, मग दोन्ही मुठींनी. गोपिका स्क्रीनला कान लावून बसली. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तिचं बोलणंही आता त्या पोरीपर्यंत जात नव्हतं, कारण ती सांगत होती एक आणि पोरगी करत होती एक, ठोठावत होती, सारखी ठोठावत होती.

मागे बेड करकरला. फरशीवर अनवाणी पावलं वाजली, पटपट, आणि एक लहान हात गोपिकाच्या खांद्यावर आला.

"आई," रितिकाच्या आवाजात, तिच्या कानाशी, ती म्हणाली, "कोण आहे वं बाहेर?"